तंबोरा लागत का नाही: लहर ऐकून चार तारा मिळवण्याची रीत

ॲपवर चारही तारांना हिरवा दिवा लागलाय, सुई मधोमध आहे, आणि तंबोरा मात्र बोलत नाही. मी सांगलीत गाणं शिकवते, आणि ही तक्रार घेऊन कुणी ना कुणी येतच असतं. येताना निदानही करून आणलेलं असतं: जवारी (तार टेकते तिथून उठणारी गुंज) गेली, मिरजेला न्यावा लागणार. मग तंबोरा गवसणीत घालून सतारमेकर गल्लीत जातो. तिथला कारागीर तो मांडीवर घेतो, तारांत ओवलेले दोन मणी इकडे-तिकडे करतो आणि परत देतो. पैसेही घेत नाही, त्यामुळे आणखीच ओशाळल्यासारखं होतं.

बिघाड तंबोऱ्यात नसतो, लावण्याच्या क्रमात असतो. आणि ॲपवर डोळे लावून बसल्यामुळे कान काय सांगतोय ते ऐकलंच जात नाही.

खालचे सगळे आकडे काळी एक पट्टीच्या (पेटीची पहिली काळी पट्टी हा सा), चार तारांच्या मर्दानी, म्हणजे पुरुषी आवाजाच्या, तंबोऱ्याचे आहेत; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. तुमची पट्टी वेगळी असेल तर आकडे बदलतील, आपापसातलं प्रमाण बदलणार नाही.

जोडाच्या दोन्ही तारा (मध्य षड्ज): १३८.६ हर्ट्झ
खर्ज (सप्तक खालचा षड्ज): ६९.३ हर्ट्झ
पंचम (मंद्र): १०४ हर्ट्झला अगदी किंचित कमी, १०३.९५

आधी लहर ओळखायला शिका

हे जमल्याशिवाय पुढचं काहीच उपयोगाचं नाही. दोन फोन घ्या, दोन्हींवर स्वर काढणारं कुठलंही फुकट ॲप टाका. एकावर २२० हर्ट्झ लावा, दुसऱ्यावर २२१. दोन्ही शेजारी ठेवा. आवाज सेकंदाला एकदा फुगेल आणि ओसरेल. दुसरा फोन २२२ वर न्या, सेकंदाला दोनदा फुगेल. म्हणजे दोन स्वरांमध्ये जितक्या हर्ट्झचा फरक, सेकंदाला तितक्या लहरी. भौतिकशास्त्रात यांना बीट्स म्हणतात, आम्ही क्लासमध्ये लहर म्हणतो.

हे होतं कसं? दोन्ही स्वरांचे हवेतले दाब कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना खोडतात. आणि कान त्यांना वेगळं काढू शकत नाही. कानाच्या पडद्यामागच्या तीन इवल्या हाडांमधून थरथर कॉक्लियात जाते, म्हणजे शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत. त्या नळीत लांबच लांब पातळ पडदा असतो. उंच स्वरांनी त्याचं दाराकडचं टोक जास्त हलतं, खालच्या स्वरांनी पार आतलं टोक. २२० आणि २२१ या दोघांची त्या पडद्यावरची जागा जवळपास एकच, त्यामुळे ऐकू येतो एकच स्वर, पण हेलकावणारा. फरक वाढवत नेला की सेकंदाला पंधरा-वीसनंतर लहरी मोजता येत नाहीत, नुसती खरखर जाणवते. आणखी वाढवला की दोन स्वर सुटे होतात.

याचा आपल्याला फायदा असा: दोन स्वर एकापाठोपाठ ऐकवले तर अर्ध्या हर्ट्झचा फरक चांगल्या तयार कानालाही निसटतो. तेच दोन स्वर एकदम वाजवले की दोन सेकंदाला एक लहर उठते, आणि ती गाण्याचा गंध नसलेल्या माणसालाही मोजता येते. तंबोरा लावायला दैवी कान लागत नाही, धीर लागतो.

टप्पा १: खोली आणि कान

पंखा बंद करा. हे मी सगळ्यांत आधी सांगते, आणि सगळ्यांत कमी ऐकलं जातं. फिरत्या पात्यांवरून आवाज परततो तेव्हा त्याची पातळी वरखाली होते आणि खोटी लहर तयार होते. तारा मिळालेल्या असूनही तुम्ही मणी सरकवत बसता.

मग बसायची जागा. खर्जाच्या ६९ हर्ट्झची तरंगलांबी खोलीच्या तापमानाला साधारण ५ मीटर येते (हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर, भागिले ६९.३). खोलीची एक बाजू अडीच मीटरच्या आसपास असेल, म्हणजे आठ-सव्वाआठ फूट, तर त्या दोन भिंतींमध्ये हा स्वर अडकून राहतो: भिंतीजवळ घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. आपल्याकडच्या बऱ्याच बेडरूम एवढ्याच. खर्ज पोकळ वाटला तर तंबोऱ्याला दोष देण्याआधी चटई दोन फूट सरकवून बघा.

तंबोरा खोलीत येऊन अर्धा तास तरी झालेला असू द्या. उन्हातून आणला की तारा गरम होऊन लांबतात, ताण कमी होतो, स्वर उतरतो. एप्रिलमध्ये दुपारी रिक्षातून आणलेला तंबोरा लगेच लावलात तर तो थंड होता होता चढत जाणार. बासरीवाल्याचं नेमकं उलटं: गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून बासरी चढते. उकाड्यातल्या कार्यक्रमात दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात ते यामुळे.

थांबा: गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकाशेजारी उभं राहून आला असाल तर आज तंबोरा लावू नका. कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी दमलेल्या असतात, वरचे स्वर बोथट ऐकू येतात, आणि तुम्ही जवारी गरजेपेक्षा जास्त उघडून ठेवता. दमलेल्या पेशी विश्रांतीने सावरतात, मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या जागी ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं.

टप्पा २: एकेक तार एकटी ऐका

तीन तारांवर हलकेच बोट ठेवून त्या मुक्या करा आणि चौथी छेडा. एकट्या तारेचा आवाज सरळ रेषेत विरत गेला पाहिजे. एकटी तारच हेलकावत असेल तर तिच्यात गंज किंवा घामाचा थर बसलाय, कुठेतरी जाड, कुठेतरी बारीक झालीय, किंवा पीळ पडलाय. अशी तार जगातला कुठलाही गवई मिळवू शकणार नाही, कारण ती स्वतःशीच मिळालेली नाही.

मिरजेच्या एका कारागिराने मला हे शिकवलं. मी जवारीची तक्रार घेऊन गेले होते. त्याने जोडाच्या एका तारेवरून अंगठा आणि बोटाची चिमट फिरवली आणि मला म्हणाला, "ताई, तुम्हीच फिरवून बघा." घोडीपासून (भोपळ्याच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात तिच्यापासून) वीतभर वर बोटाला कचकच लागली. तार बदलली, तक्रार संपली.

तपासा: चारही तारा एकट्या सरळ बोलतात का? एक जरी हेलकावत असेल तर पुढे जाऊ नका, आधी ती बदला. नवी तार पहिला दिवसभर उतरतच राहते, हेही लक्षात ठेवा.

टप्पा ३: खुंट्यांवर ढोबळ सूर

आधी चारही मणी त्यांच्या वाटेच्या मधोमध आणा. हे विसरलं की शेवटी बारीक सूर करताना मणी टोकाला जाऊन अडतो आणि पुन्हा खुंटी फिरवावी लागते. मणी घोडीपासून लांब, खाली लंगोटाकडे (तारा बांधतात त्या तळाच्या टोकाकडे) सरकवला की तार उचलली जाते आणि स्वर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो.

आता ॲप वापरा, हरकत नाही. जोडाला सी शार्प ३ (काळी एकचं ॲपवरचं नाव) दिसलं पाहिजे. खर्जाच्या वेळी मात्र ॲपवर विश्वास ठेवू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला, त्याला ६९ हर्ट्झ क्षीण ऐकू येतो, आणि खर्जाच्या तारेत तिसऱ्या पटीचा, म्हणजे तिप्पट कंपनसंख्येचा, स्वर दणकट असतो. त्यामुळे ॲप कधी सप्तक चुकवतं, कधी सरळ पंचम दाखवतं. पोरं घाबरून खुंटी पिळतात आणि तार तुटते.

खुंटी आतल्या बाजूला दाबत फिरवा. घसरत असेल तर खडूची भुकटी लावा. फिरवताना तार छेडत राहा.

खुंटीने ढोबळच का? ताण शंभरात एकाने वाढला तर स्वर दोनशेत एकाने चढतो, म्हणजे जोडाला ०.७ हर्ट्झ. तेवढ्याने दीड सेकंदाला एक लहर पडते. खुंटीवर मनगटाने एवढी बारीक हालचाल होत नाही. तिच्यासाठी मणी आहेत.

टप्पा ४: जवारी आत्ता, शेवटी नाही

इथे माझं आणि पुस्तकांचं पटत नाही. बरेच जण आधी सगळा सूर मिळवतात आणि मग जवारी उघडायला घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात. दोरा सरकला की तारेची उंची आणि टेकण्याची जागा किंचित बदलते, आणि मिळालेला सूर हलतो. ढोबळ सूर झाला की दोरा लावा, बारीक सूर त्यानंतर.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जवारी उघडली की लहरी ऐकायला सोप्या जातात. तार तिच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वरही देत असते. घोडीच्या उतरत्या पृष्ठावर तार थरथरताना टेकत-सुटत राहते, त्यामुळे हे वरचे स्वर दणक्यात उठतात. साध्या वाद्यात तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसऱ्या, चौथ्या पटीचे स्वर येऊ नयेत, कारण त्यांचा स्थिर बिंदू नेमका मध्यावर असतो. तंबोऱ्यात ते येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. आता जोडाच्या दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असेल तर मूळ स्वरात दोन सेकंदाला एक लहर पडते, पण पाचव्या पटीत फरकही पाचपट, म्हणजे सेकंदाला अडीच. शिवाय आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या टापूत सगळ्यात तिखट असतो आणि खर्जाच्या टापूत मंद. वरच्या पटीत ऐकलं की चूक मोठी होऊन दिसते, भिंगाखाली धरल्यासारखी.

दोरा घोडीच्या मागच्या बाजूने तारेखाली घाला आणि तार छेडत केसाएवढा पुढे-मागे करा. आधी आवाज बंद, गुळगुळीत. मग एका जागी तो उघडतो आणि मधमाशीसारखा गुंजतो. त्यापुढे गेलात तर पत्र्यासारखा खणखणतो. गुंजण्याच्या जागेवर थांबा.

एक नाजूक गोष्ट. वय वाढतं तसे वरचे स्वर कमी ऐकू येतात, आणि हे सगळ्यांना होतं. म्हणून घरातल्या ज्येष्ठांनी उघडलेली जवारी विशीतल्या मुलीला चरचरीत वाटू शकते. यावर वाद घालू नका. गाणारा जो, त्याचा कान.

टप्पा ५: जोड

जोडाची पहिली तार संदर्भ धरा. ॲपवर, पेटीवर, हव्या त्या स्वराला मिळवा. यानंतर तिला हात लावायचा नाही, ॲपही बंद करायचं.

दुसरी तार पहिलीशी मिळवा. दोन्ही लागोपाठ छेडा, आणि दोन्ही वाजत असताना ऐका. लहर मोजा. मणी किंचित हलवा. लहर वेगवान झाली तर दिशा चुकली, मंदावली तर बरोबर. इतकं सोपं आहे, फक्त प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबायची तयारी पाहिजे. तंबोरा छेडून लगेच मणी हलवणारा माणूस लहर ऐकतच नाही, कारण संथ लहर उठायलाच वेळ लागतो.

थांबा: तार किती जोरात छेडता? जोराने ओढलेल्या तारेचा ताण वाढतो, म्हणून ती सुरुवातीला चढी बोलते आणि विरता विरता उतरते. लावताना दणादण छेडायची आणि गाताना हळुवार, असं केलंत तर लावलेला सूर आणि वाजणारा सूर वेगळे. बोटाच्या मांसल कडेने, तारेच्या मध्याजवळ, गाताना छेडाल तेवढ्याच जोराने छेडा. नख नको.

तपासा: आठ-दहा सेकंदात एखादी लहर राहिली तर मी सोडून देते. त्याहून शांत करण्याच्या हट्टात अर्धा तास जातो, आणि कुणी दार उघडलं तरी हवेच्या झुळकेने ती परत येते.

टप्पा ६: खर्ज

पंचमाआधी खर्ज. खर्जाची तार बरोबर मध्यावर बोटाने नुसती स्पर्श करून छेडा आणि बोट लगेच उचला. सप्तक वरचा स्वर ऐकू येईल, १३८.६. तो जोडाच्या मोकळ्या तारेशी मिळाला पाहिजे. अटीपासून (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथपासून) घोडीपर्यंत ९६ सेंटिमीटर असतील तर मध्य ४८ ला. घोडीवर तार नेमकी कुठे टेकते ते धूसर असतं, म्हणून टेपच्या खुणेच्या आसपास बोट मिलिमीटरभर हलवून स्वर सगळ्यात स्वच्छ कुठे निघतो ते शोधा.

मग बोट काढून मोकळा खर्ज आणि जोड एकत्र ऐका. लहर खर्जाच्या मूळ स्वरात शोधू नका, तो तसाही क्षीण असतो. तुम्हाला खर्ज म्हणून जे ऐकू येतं ते बरंचसं मेंदूने वरच्या पटींवरून जुळवलेलं असतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही, तरी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा खर्ज खर्जच वाटतो तो यामुळे.

टप्पा ७: पंचम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि हिरवा दिवा इथेच फसवतो.

ट्यूनर ॲप आणि पेटी दोन्ही सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. त्या हिशेबाचा मंद्र पंचम १०३.८३. तंबोऱ्याला हवा तो खर्जाच्या बरोबर दीडपट, १०३.९५. फरक नगण्य वाटतो ना? आता वरच्या पटी बघा. खर्जाची तिसरी पट २०७.९, ॲपच्या पंचमाची दुसरी पट २०७.६५. चार सेकंदांना एक लहर. जोडाची तिसरी पट आणि पंचमाची चौथी पट घेतलीत तर दोन सेकंदांना एक. ॲप हिरवं, तंबोरा हेलकावतोय. जवारीचा काहीही संबंध नाही.

म्हणून असं करा. खर्जाची तार एक तृतीयांशावर (९६ मध्ये ३२ सेंटिमीटरला) स्पर्श करून छेडा. पंचमाची तार मध्यावर स्पर्श करून छेडा. दोन्हीतून एकच स्वर यायला हवा, मध्य सप्तकातला पंचम. मणी हलवत लहर संथ करा, थांबवा. मग दोन्ही तारा मोकळ्या छेडून पुन्हा ऐका. लहर त्या पंचमाच्या उंचीवरच उठते, कान तिथे लावा.

मालकंस रागासाठी पंचमाच्या तारेवर मध्यम हवा असेल तर खर्जाची चौथी पट आणि मध्यमाची तिसरी पट एक झाली पाहिजे: खर्जाला पाव लांबीवर स्पर्श, मध्यमाला एक तृतीयांशावर.

तपासा: चारही तारा गाण्याच्या लयीत छेडा, डोळे मिटा. वरून गंधार ऐकू येतो का? तो कुणी लावलेला नाही. खर्जाची पाचवी पट आहे ती, ३४६.५ हर्ट्झ. तो स्पष्ट उमटत नसेल तर एक तर खर्ज सरकलाय किंवा खर्जाचा दोरा. आणि हा गंधार पेटीशी ताडून बघू नका. पेटीचा गंधार ३४९.२ आहे, सेकंदाला पावणेतीन लहरी पडतील आणि तुम्ही चांगला लागलेला तंबोरा मोडून बसाल. एका हुशार मुलाने हे माझ्यासमोर तीनदा केलंय.

टप्पा ८: दुसरी फेरी

एका तारेचा ताण वाढवला की दांडी आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) किंचित झुकते, बाकीच्या तारा सैल होतात. म्हणजे पंचम लावेपर्यंत जोड हललेला असतो. पुन्हा जोडापासून सुरू करा: जोड, खर्ज, पंचम. या फेरीत खुंटीला हात लावायचा नाही, फक्त मणी, आणि तेही दाण्याएवढे. दोरा हलवावासा वाटला तर हलवा, पण मग त्या तारेचा सूर परत बघायचा.

दोन फेऱ्यांनंतरही लहर राहिली तर तंबोरा खाली ठेवा आणि चहा घ्या. सलग अर्धा तास तेच चार स्वर ऐकून कान ते खपवून घ्यायला लागतो. परत आल्यावर पहिल्या छेडीलाच कुठली तार चुकतेय ते कळतं.

पावसाळ्यात कृष्णेकाठच्या दमट हवेने भोपळा आणि लाकूड फुगतं. तेव्हा रात्री लावलेला तंबोरा सकाळी तसाच असेल ही अपेक्षा सोडा, दुसरी फेरी रोज करा. प्रवासाला निघताना मणी मधोमध आणून चारही खुंट्या अर्धा वेढा सैल करा. पोहोचल्यावर टप्पा ३ पासून.

सवय झाली की हे सगळं सात-आठ मिनिटांत होतं. पहिल्यांदा पाऊण तास धरा, आणि क्लासला तेवढे लवकर या.